रिसेल फ्लॅट घेतल्यावर पहिल्याच पावसात गळती निघाली, विक्रेता हात वर करतोय. काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये वारज्याला साडेचार वर्षांच्या इमारतीत फ्लॅट घेतला, खरेदीखत झालं, आणि जुलैच्या पावसात बेडरूमची भिंत ओली होऊन रंगाचे पोपडे निघाले. विक्रेता म्हणतो, "बघून घेतलात ना? आता माझा संबंध नाही." वाचून पोटात कालवलं, कारण हे आमच्या घरात घडून गेलंय.

एक काम आजच करा: भिंतीला हात लावू देऊ नका. रंगारी नको, वॉटरप्रूफिंगवाला नको. आधी फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवा.

आम्ही २०१८ मध्ये कर्वेनगरला वरच्या मजल्यावर रिसेल फ्लॅट घेतला. बघायला गेलो तेव्हा फेब्रुवारी होता, सगळीकडे ताजा रंग, पॅसेजला पीओपीचं फॉल्स सीलिंग. जुलैत पॅसेजमध्ये रात्रभर टप टप आवाज यायचा, पण फरशीवर थेंब नाही. शेवटी इलेक्ट्रिशियनने एक लाइट काढला आणि त्या भोकातून मोबाइल आत घालून फोटो घेतला. स्लॅबचं काँक्रीट सुटून शिगा उघड्या पडल्या होत्या, गंजून फुगलेल्या. त्यांच्या बरोबर खाली, सीलिंगच्या चॅनेलला तारेने बांधलेला कपडे भिजवायचा निळा टब. अर्धा भरलेला, आतून पांढऱ्या क्षाराची वलयं एकावर एक चढलेली. एका पावसाळ्यात तेवढे थर बसत नाहीत. माझी आई तो फोटो पाहून खुर्चीत बसूनच राहिली. निम्मे पैसे तिच्या फंडाचे होते.

मी लगेच सीलिंग फोडायला निघालो होतो. शेजारच्या काकांनी थांबवलं आणि सोसायटीच्या ऑफिसात नेलं. पत्रव्यवहाराच्या फाइलमध्ये आमच्या विक्रेत्याची दोन पत्रं निघाली, २०१५ आणि २०१७ ची. "पॅसेजमध्ये टेरेसचे पाणी गळत आहे, कृपया दखल घ्यावी." त्याची सही, सोसायटीचा आवक शिक्का. मी सेक्रेटरींकडे लेखी अर्ज देऊन प्रती घेतल्या. तुम्हीही हे करा. दोष होता हे भिंत सांगेल, पण विक्रेत्याला तो माहीत होता हे कागदच सांगतो, आणि सगळं प्रकरण त्या माहीत असण्यावर उभं आहे.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही दिसला नसता असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. सांगितला नाही तर कायदा त्याला फसवणूक मानतो. म्हणजे फुटकी फरशी किंवा तिरका दरवाजा यावर भांडता येणार नाही, ते डोळ्यांना दिसत होतं. रंगाखाली दडवलेल्या ओलीची गोष्ट वेगळी. खरेदीखतात "मिळकत प्रत्यक्ष पाहून, खात्री करून घेतली आहे" असं वाक्य बहुधा असेल आणि विक्रेता तेच पुढे करेल. करारात वेगळं काही ठरलं असेल तर या कलमावर त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून नोटीस पाठवण्याआधी खरेदीखत वकिलाला शब्दन् शब्द वाचायला द्या. फसवणुकीच्या दाव्याची मुदत साधारणपणे ती उघड झाल्यापासून तीन वर्षं असते.

पण तुमच्या हातात आमच्याकडे नव्हती अशी एक गोष्ट आहे. आमची इमारत बावीस वर्षांची होती, तुमची साडेचार. रेरा कायद्याच्या (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा स्थावर मालमत्ता कायदा) कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, नाहीतर भरपाई. आणि या कायद्यात घर घेणाऱ्याच्या व्याख्येत पुढे विकत घेणाराही येतो, त्यामुळे "तुम्ही आमचे ग्राहक नाही" हे उत्तर ऐकून परत फिरू नका. पाच वर्षं तुमच्या खरेदीपासून नाही, बिल्डरने पहिल्या मालकाला दिलेल्या ताब्यापासून मोजतात. साखळी करारांच्या (आधीच्या मालकांच्या करारांच्या) गठ्ठ्यात जुनं ताबापत्र शोधा, तारीख बघा, आणि पाच वर्षं पूर्ण होण्याआधी बिल्डरला लेखी पत्र स्पीड पोस्टने पाठवून पोहोच जपून ठेवा. ईमेलही करा. फोनवर "माणूस पाठवतो" म्हणतील, त्यात महिने जातात. तीस दिवसांत काही झालं नाही तर महारेराकडे (महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाकडे) ऑनलाइन तक्रार करता येते.

पाणी येतंय कुठून हेही ठरवायला हवं, कारण जबाबदारी त्यावर बदलते. टेरेस, बाहेरची भिंत किंवा सामाईक पाइप असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे) दुरुस्ती सोसायटीची. वरच्या घराचं बाथरूम असेल तर त्या सभासदाची. शंका असल्यास वरच्यांना विनंती करून बाथरूमची जाळी बंद करा, दोन-तीन इंच पाणी भरा, त्यात नीळ कालवा आणि दोन दिवस थांबा. खाली निळसर ओल आली की वाद मिटला. त्याच वेळी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सही-शिक्क्याचा रिपोर्ट घ्या.

आमचं प्रकरण कोर्टात गेलं नाही. नोटीसबरोबर टबाचा फोटो आणि दोन्ही पत्रांच्या प्रती जोडल्या होत्या. तीन आठवडे शांतता, मग विक्रेत्याचा मुलगा घरी आला. अडीच लाख मागितले होते, एक लाख साठ हजारांवर लेखी तडजोड झाली. टेरेसचा कोबा सोसायटीने नव्याने करून घेतला, मीटिंगमध्ये बरीच खडाजंगी होऊन. शिगांवर उपचार करून स्लॅब दुरुस्त केला तो आमच्या खर्चाने, या पैशांतून.

ऑक्टोबरचं ऊन लागलं की भिंत सुकते आणि मग इंजिनिअरला दाखवायला फक्त डाग उरतो. त्यामुळे रिपोर्ट पाऊस चालू असतानाच करून घ्या. ताबापत्राची तारीख सापडली की इथेच कळवा, बिल्डरला द्यायच्या पत्राचा मसुदा मी बघून देतो.