क्लायंटसाठी चित्रं काढताना माझी एक स्टाईल ठरलेली आहे, मग पर्सनल प्रोजेक्टमध्ये वेगवेगळ्या स्टाईल ट्राय केल्या तर पोर्टफोलिओ विस्कळीत दिसेल का?

नाही दिसणार, फक्त सगळं एकाच पानावर ओतू नका. क्लायंट बघतो ते त्याला नेमकं काय मिळणार एवढंच, म्हणून कामाची स्टाईल पुढे ठेवा आणि प्रयोगांना वेगळा विभाग द्या.

पण प्रयोग करायचेच, आणि करताना विषय एकच धरा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण विषय पण नवा, माध्यम पण नवं असं केलं की नक्की कशाने काय बदललं तेच कळत नाही. पिकासोने १९४५-४६ मध्ये एकाच बैलाची ११ लिथोग्राफ (दगडावर चित्र काढून घेतलेले छाप) केली, सुरुवातीला भरदार, अंगावर शेडिंग असलेला बैल आणि शेवटी नुसत्या चारदोन रेघा!

समजा हाताचा पंजा घेतला. ब्रश पेनने काढताना बोटाच्या सांध्यापाशी दाब वाढवला की रेघ जाड होते, तिथेच हाड जाणवतं, आणि पुसायची सोय नाही म्हणून आधी नीट बघावं लागतं. तोच पंजा गुवाशमध्ये (अपारदर्शक जलरंगात) बाह्यरेषेशिवाय करा, आता कडा फक्त उजेड-सावलीतून दिसायला हवी. शिवाय गुवाश वाळल्यावर फिके रंग थोडे गडद होतात आणि गडद रंग फिके, त्यामुळे आधी कागदाच्या तुकड्यावर लावून वाळू द्या. डिजिटलवाल्यांनी एकच ब्रश आणि तीनच रंग घेऊन बघावं, लेयर पण एकच.

यातलं एखादं वळण हळूहळू क्लायंटच्या कामातही उतरतं. तसं पाचसहा चित्रांत सलग टिकलं तर ते बिनधास्त मुख्य पोर्टफोलिओत घ्या.