ताकदीचा हिशोब: किती वाढवू विचारण्याआधी किती करतोय ते लिहा

व्यायामाबद्दल तुम्ही पाठवलेली या महिन्यातली पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली, प्रत्येकाला किती वाढवू हे विचारायचंय पण आत्ता नक्की किती करतोय हे जवळजवळ कुणीच लिहिलेलं नाही. वजन किती, सेट किती, आठवड्यातून किती वेळा, जिमबाहेर अजून काय चालू आहे, काहीच नाही. म्हणून काही जणांना मी उलट मेल करून विचारलं, आणि खरं सांगते, त्यांच्या उत्तरातच त्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर होतं. दोनशे पानी वही घ्या, फोनमधे लिहिलंत तरी चालेल, पण लिहा.

प्रश्न: ताई, मी वारज्याला राहतो, वय २६, वजन ७४ किलो, जॉब हिंजवडीला. दोन वर्षं जिम करतोय. डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहणं) १२० किलोवर अडकलीये, चार महिने झाले, १२२.५ जमिनीवरून हलतच नाही. दर सोमवारी मॅक्स ट्राय करतो, नाहीतर वाढलंय का कळणार कसं? हल्ली कंबरही दुखते. बेल्ट घेऊ का प्रोग्रॅम बदलू? व्हिडिओ पाठवतोय.

उत्तर: तुला मी विचारलं होतं की रविवारी काय करतोस, तर तू लिहिलंस सिंहगड, आतकरवाडीतून वर आणि पळत खाली, दर रविवारी, पाऊस असला तरी. अरे मग सोमवारी बार कसा हलेल? चढताना दम लागतो म्हणून चढ आपल्या लक्षात राहतो, पण पायांची खरी वाट लावतो तो उतार. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, आणि स्नायूंना सगळ्यात जास्त दुखवणारं काम हेच. ते दुखणंही लगेच येत नाही, एक ते तीन दिवसांनी वर येतं, म्हणजे नेमकं तुझ्या सोमवार-मंगळवारी. गड सोडू नकोस, मी कुणालाही गड सोडायला सांगणार नाही, फक्त डेडलिफ्ट गुरुवारी ने आणि उतरताना पळणं बंद कर.

दुसरं म्हणजे दर सोमवारी तू परीक्षाच देतोयस, अभ्यास कुठल्या दिवशी करतोस? ताकद वाढते ती स्वच्छ निघालेल्या रिपिटेशनमधून, अडकलेल्या एका रिपमधून नाही. ९० किलोवर ५ चे ४ सेट, म्हणजे सलग ५ वेळा उचलायचं, असं ४ दा, पुढच्या आठवड्यात ९२.५, मग ९५, मग ९७.५, आणि पाचव्या आठवड्यात ८० वर फक्त दोन सेट, बस. त्या हलक्या आठवड्यात घरी जाताना काही केलंच नाही असं वाटेल, वाटू दे. सहाव्याला ९५ पासून परत चढायला लाग. आता वाढलंय हे कळणार कसं, तर एक साधा अंदाज आहे: रिपिटेशनला ३० ने भाग, त्यात १ मिळव आणि उचललेल्या वजनाला त्याने गुण. १०५ किलो ५ वेळा स्वच्छ निघालं तर उत्तर येतं १२२.५. म्हणजे जो आकडा तू चार महिने ओढून बघतोयस तो हात न लावताही वहीत दिसेल.

आता व्हिडिओ. मी तो थांबवून थांबवून पाहिला. बार सुटायच्या आधीच तुझी कंबर वर जाते, गुडघे जवळजवळ सरळ होतात, आणि बार नडगीपासून चार बोटं पुढे जातो, मग सगळा भार पाठीच्या खालच्या भागावर येतो, दुखतंय ते तिथेच. ओढायच्या आधी हात ताणून बारवर हळूहळू जोर आण, बार प्लेटच्या भोकात वरच्या बाजूला टेकून 'टक्' असा बारीक आवाज येतो, तो आला की मगच पायांनी जमीन खाली दाब. तुझ्या व्हिडिओत तो आवाज आणि झटका एकदमच येतात. अजून एक, तुमच्या जिममधे १० आणि १५ च्या लहान लोखंडी प्लेट लावल्यात. स्पर्धेतली मोठी प्लेट ४५ सेंटिमीटर व्यासाची असते, म्हणजे बारचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. लहान प्लेट लावली की बार त्याच्याही खाली जातो आणि तेवढं खाली वाकताना तुझी पाठ गोल होतेय. दोन्ही बाजूंच्या प्लेटखाली रबरी मॅट किंवा जाड फळी टाकून उंची बरोबर कर.

आणि तो बार २० किलोचा आहे हे तुला कुणी सांगितलं? गल्लीतल्या जिममधले बार १२ चेही निघतात आणि १८ चेही. एकदा रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवून बघ, मग वहीत आकडा लिही.

बेल्ट नंतर. बेल्टमुळे पोट दाबायला भिंत मिळते, चुकलेली ओढ सुधारत नाही. आणि दुखणं कमरेतून पायात उतरायला लागलं, मुंग्या आल्या, पायातला जोर कमी वाटला तर जिम थांबवून आधी डॉक्टर. लघवी-संडासवरचा ताबा कमी वाटला तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

प्रश्न: क्रिएटिन घेतलं तर किडनी जाते का? रूममेट म्हणतो लोडिंग करावंच लागतं. (कर्वेनगर, वय २१)

उत्तर: निरोगी माणसाने साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं तर किडनीला धोका दिसलेला नाही. लोडिंगने, म्हणजे सुरुवातीचे काही दिवस मोठा डोस घेण्याने, स्नायूंतला साठा फक्त लवकर भरतो, ते न करता तीन-चार आठवड्यांत तिथेच पोचतोस. किडनी बघायला रक्तात क्रिएटिनिन मोजतात, ते थोडं जास्त येऊ शकतं, म्हणून डॉक्टरांना आधीच सांगून ठेव, आणि किडनीचा काही त्रास असेल तर त्यांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नकोस. पण तू मेसमधे दोन वेळा भात-आमटी खातोयस, तर पैसे आधी दूध, अंडी, सोयाबीन, मटकीवर खर्च कर. ताकदीचं काम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोला साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन लागतं, तू ६० किलोचा म्हणजे ९५ च्या आसपास. एका अंड्यात ६ ग्रॅम. कर हिशोब.

प्रश्न: ताई, मी हडपसरला अकॅडमीत पोलीस भरतीची तयारी करतेय, वय २०. रोज सकाळी ८०० मीटर फुल स्पीडने दोनदा, १०० मीटर सहा वेळा, मग गोळा. नडगी खूप दुखते, सर म्हणतात पळून पळून जाईल. वजनं उचलली तर पाय जड होऊन टायमिंग वाढेल असं सगळ्या मुली म्हणतात. माझा गोळाही लांब जात नाही.

उत्तर: तुझं पत्र वाचून मी आधी नडगीबद्दलच लिहायचं ठरवलं, बाकी सगळं नंतर. आज रात्री बोटाने नडगीच्या आतल्या कडेवर वरून खाली दाबत जा. दुखणं लांब पट्ट्यात पसरलेलं असेल आणि गरम झाल्यावर कमी होत असेल तर बहुतेक हाडाच्या कडेला आलेली सूज आहे, पळणं निम्म्यावर आणून काही आठवड्यांत आटोक्यात येते. पण एकाच बोटभर जागी जोरात दुखत असेल, रात्री झोपेत किंवा नुसतं उभं राहूनही दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो, तिथे पळून पळून काहीही जात नाही, उलट तडा वाढतो. हाडांच्या डॉक्टरांकडे जा, आणि सुरुवातीच्या एक्सरेमधे हा तडा बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून एक्सरे नॉर्मल आला तरी दुखतंय हे ठामपणे सांग.

दुसरा प्रश्न मी तुला मेलवर विचारला होता आणि तू मोकळेपणाने उत्तर दिलंस त्याबद्दल शाबास. पाळी तीन महिने आलेली नाही आणि सकाळी चहा-बिस्किटावर ट्रेनिंग होतं. हे एकमेकांशी जोडलेलं आहे गं. पळण्यात जेवढं जळतं तेवढं पोटात जात नसेल तर शरीर आधी पाळी थांबवतं आणि हाडं कमजोर व्हायला लागतात, तेव्हा नडगीचं दुखणं आणि थांबलेली पाळी हे दोन वेगळे आजार समजू नकोस, डॉक्टरांना दोन्ही सांग. पळायच्या आधी केळं किंवा गूळ-शेंगदाणे, आल्यावर पोळी-भाजी-अंडी किंवा वाटीभर उसळ. मलाही एकविसाव्या वर्षी एका कोचने वजन उतरवायला सांगितलं होतं आणि मी सात महिने पाळी आली नाही हे कुणालाच बोलले नाही. तू बोललीस.

आता टायमिंग. रोज फुल स्पीड नको. डॉक्टरांनी परवानगी दिली की आठवड्यातून दोनच दिवस जोरात, एक दिवस ८०० चं आणि एक दिवस १०० चं, बाकी दोन दिवस गप्पा मारता येतील इतक्या सावकाश पळणं, शक्यतो मातीवर, डांबरी रस्त्यावर नको. वजनाने पाय जड होतात हे खरं नाही, त्या दिवशी दुखतात एवढंच. दोन दिवस स्क्वॉट म्हणजे वजन घेऊन बैठका, टाचा उचलून पोटऱ्यांचा व्यायाम आणि पुशअप, ६ ते ८ चे तीन सेट, शेवटी अजून दोन निघाले असते असं वाटेल एवढ्यावर थांबायचं. महिलांचा गोळा ४ किलोचा, तो हाताने फेकायला गेलं की जवळच पडतो. जोर मागच्या पायातून निघून कमरेतून वळत खांद्यात यायला हवा, हात सगळ्यात शेवटी. मैत्रिणीला बाजूने व्हिडिओ काढायला सांग आणि गोळा सुटताना मागचा पाय सरळ झालाय का तेवढंच बघ.

प्रश्न: माझा मुलगा १३ वर्षांचा, कोथरूडला राहतो. शाळेत मल्लखांब करतो, आता त्याला वजनं उचलायची आहेत. सासूबाई म्हणतात उंची खुंटेल. त्या टीव्हीवर वेटलिफ्टर बघतात, सगळे बुटके दिसतात त्यांना.

उत्तर: सासूबाईंचं निरीक्षण बरोबर आहे, कारण मात्र उलटं आहे. आपला सांगलीचा संकेत सरगर, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून त्याने सिल्व्हर आणलं. आता ५५ किलोच्या गटात सहा फुटी माणूस बसणार कसा? वजनगट असले की आखूड हातापायाचा मुलगा पुढे येतो, उचलून उचलून आखूड होत नाही. बास्केटबॉल खेळून कुणी उंच होत नाही तसंच हे. मल्लखांबावरून उडी मारून उतरताना त्याच्या पायावर वजनाच्या कितीतरी पट भार येतो, त्यापुढे रिकाम्या बारचा स्क्वॉट काहीच नाही. वाढत्या हाडांना इजा होते ती बहुतेक वेळा कुणी बघायला नसताना, वजन हातातून सुटून किंवा पैज लावून उचलताना. म्हणून शिकवणारा माणूस समोर हवा, सुरुवातीला काठी, मग रिकामा बार, आणि फॉर्म बिघडला की सेट तिथेच संपला. मॅक्स वगैरे एक-दोन वर्षं विषयच नको. तुम्ही स्वतः एक दिवस क्लासला जाऊन बसा, कोच मुलांना जास्त वेळा 'अजून एक' म्हणतो का 'थांब' म्हणतो ते मोजा.

प्रश्न: मॅडम, मुळशी तालुक्यातल्या गावात कबड्डीचा संघ चालवतो. १८ पोरं, मातीचं मैदान, जिम नाही. या सीझनला तीन रेडरांचे हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचे स्नायू) गेले, एकाचा दोनदा. स्ट्रेचिंग रोज वीस मिनिटं घेतो. काय चुकतंय?

उत्तर: सर, स्ट्रेचिंग वाईट नाही, पण हॅमस्ट्रिंग बहुतेक वेळा फाटतो तो लवचिक नाही म्हणून नव्हे, ताणलेल्या अवस्थेत जोर धरता येत नाही म्हणून. रेडर टो टच मारून एकदम मागे वळतो किंवा बोनसला पाय लांब टाकून मिडलाइनकडे झेपावतो, ती अवस्था डोळ्यांसमोर आणा. त्यासाठी नॉर्डिक नावाचा व्यायाम आहे, फुटबॉलवाल्यांनी त्याचा भरपूर अभ्यास केलाय आणि त्याने या दुखापती बऱ्याच कमी होतात. साहित्य काही लागत नाही. १८ पोरं म्हणजे ९ जोड्या. एकजण गुडघ्यावर, खाली दुमडलेलं पोतं, दुसरा त्याचे घोटे घट्ट दाबून धरतो. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत सरळ रेषेत राहून जितकं सावकाश जमेल तितकं पुढे झुकायचं, धरवेना की हातावर पडायचं आणि हातानेच ढकलून वर यायचं. कंबर मागे राहिली की काही उपयोग नाही, धरणाऱ्याने ओरडायचं.

पहिल्या आठवड्यात एकच दिवस, ५ चे २ सेट. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस, ६ चे २. मग हळूहळू ८ चे ३ पर्यंत. पोरं म्हणतील एवढंसंच? तरी वाढवू नका, पहिल्या वेळी दोन दिवस खाली बसता येणार नाही इतकं दुखतं. आणि आठवड्यातून दोनदा पूर्ण वेगाच्या ३० मीटरच्या चार-पाच धावा घ्या, कारण सरावात कधीच पूर्ण वेगात न पळालेला पाय सामन्यात अचानक पळवला की तिथेच जातो.

ज्याचा दोनदा गेलाय त्याला दुखायचं थांबलं म्हणून लगेच आत घेऊ नका. आधी ६०, मग ८०, मग शंभर टक्के वेगाने, वेगवेगळ्या दिवशी, आणि पूर्ण वेगात वळताना तो पायाकडे बघत नाही इतका निर्धास्त झाला की मग रेड द्या. नॉर्डिक सामन्याच्या आधीच्या दोन दिवसांत नको. आणि १८ पोरांची १८ पानं करा, कुणी कुठल्या दिवशी किती रेड मारल्या ते लिहा, सीझन संपला की त्या तिघांची पानं मला पाठवा, आपण बसून बघू.