मी मराठी, नवरा केनियाचा, मुलगी सहा वर्षांची. नवऱ्याला रोज अंकलेश्वरला अपडाउन. बडोद्यात घर कुठे घ्यावं?

तुमच्यासाठी माझं मत सरळ फतेगंज. सयाजीराव विद्यापीठ शेजारीच, त्यामुळे परप्रांतीय आणि परदेशी विद्यार्थी तिथल्या लोकांना नवे नाहीत. चर्च आहेत, मांसाहारी खाणावळी आहेत, आणि रिक्षाने स्टेशन अगदी जवळ. रोज गाडी पकडणाऱ्याला याचं मोल कळतं. अंकलेश्वर साधारण ऐंशी किलोमीटर, म्हणून मांजलपूर-मकरपुऱ्याकडचं घर स्वस्त दिसलं तरी स्टेशन गाठण्यातच जीव जाईल.

तुम्हाला मराठी शेजार हवासा वाटेल, दांडिया बाजार मनात येईल. गणपतीत मुलीला तिथे जरूर न्या! पण राहायला गल्ल्या अरुंद, पार्किंगची ओढाताण.

एक काळजीने सांगते. टोकन देण्याआधी तिघंही जाऊन सोसायटीच्या चेअरमनना भेटा. फोनवर 'हो' म्हणणारे घरमालक नवऱ्याला पाहून बदललेले मी पाहिलेत. मुलीसमोर ते सामान हलवायच्या दिवशी नको. स्वयंपाकात मांस-मासे चालतात का, तेही तेव्हाच विचारा. पुढे विकत घ्यायचं झालं तर तो भाग गुजरातच्या 'अशांत धारा' या कायद्याखाली येतो का, हे वकिलाकडून पाहून घ्या. तिथे मालमत्तेच्या खरेदी-विक्रीला कलेक्टरची पूर्वपरवानगी लागते. पहिलं वर्ष भाड्यानेच राहा.