दिवसभर बसून काम असतं, कमरेत बाक पण आहे, म्हणूनच ग्लूट्स (कुल्ल्याचे स्नायू) भरत नाहीत का?

पोश्चर बिघडलं म्हणून ग्लूट्स वाढायचे थांबत नाहीत आणि नुसतं पोश्चर सुधारलं म्हणून ते वाढतही नाहीत. हे पहिल्यांदाच सांगून टाकते, कारण तुमच्या प्रश्नात जी भीती दिसतेय ती आधी कमी व्हायला पाहिजे. तुम्ही लिहिलंय की तुम्ही साताऱ्यातच राहता, घरून कंप्युटरवर काम, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत, कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलं की कंबर पुढं झुकलेली असली की ग्लूट्स झोपून जातात, आणि इकडं जिममध्ये सहा महिने स्क्वॉट मारून मांड्या भरल्या पण मागची बाजू सपाटच राहिली. मी पण साताऱ्यातच फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते, खुब्याची आणि कमरेची दुखणी घेऊन येणारी माणसं रोज बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते झोपण्याचं बघू. तुमचा ग्लूट खरंच झोपला असता ना, तर तुम्हाला खुर्चीतून हात न टेकता उठता आलं नसतं आणि जिनाही चढता आला नसता. कुल्ल्याचा मोठा स्नायू, म्हणजे ग्लूटियस मॅक्सिमस, हा शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू आहे आणि त्याचं मुख्य काम म्हणजे मांडी मागं नेणं, किंवा वाकलेलं धड वर उचलणं. आता नुसतं सरळ उभं राहायला किंवा सपाट रस्त्यावर चालायला शरीराला हे काम फारसं लागतच नाही, स्नायूवर सेन्सर लावून मोजलं तरी त्या वेळेला त्याची हालचाल खूप कमी दिसते, आणि हे ज्याचं पोश्चर एकदम छान आहे त्याचंही तसंच असतं. पळताना, चढ चढताना, खालून वजन उचलताना मात्र तो जोरात कामाला लागतो. म्हणजे तो झोपलेला नाही, त्याला तुमच्या दिवसात कामच मिळत नाहीय. नऊ तास खुर्चीत ताठ बसा नाहीतर पोक काढून बसा, ग्लूटच्या दृष्टीनं दोन्ही जवळपास सारखंच.

आपल्याकडं भिलारच्या बाजूला स्ट्रॉबेरीच्या शेतात बायका तासन्‌तास कमरेत वाकून फळं तोडतात, जावळीत भातलावणीला पण तेच. ती पोझिशन बघितली तर खुबा पूर्ण दुमडलेला आणि मागचा सगळा भाग ताणलेला असतो, पण तेवढ्यानं ग्लूट्स मोठे होत नाहीत, कंबर मात्र धरते. कारण एकाच स्थितीत हलक्या ताणात राहिलं की स्नायूला फार तर दम धरायची सवय होते. तो वाढायला त्याच्यावर पुरेसा भार यावा लागतो, त्या भारासकट खुबा पूर्ण वाकून पूर्ण सरळ व्हावा लागतो आणि हा भार हळूहळू वाढत जावा लागतो.

आता कमरेचा बाक. पेल्व्हिस, म्हणजे कमरेखालचा हाडांचा सांगाडा, थोडी पुढं झुकलेली असणं हे अगदी नॉर्मल आहे, ज्यांना काही दुखत नाही अशा निरोगी लोकांची मापं घेतली तेव्हा बहुतेकांची ती पुढंच झुकलेली निघाली. व्लादिमीर यांदा नावाचे चेक डॉक्टर होते, त्यांनी मांडलं होतं की पुढचे खुब्याचे स्नायू आणि कंबर आखडते आणि त्याच्या समोरचे, म्हणजे पोट आणि ग्लूट्स, ढिले पडतात. तुम्ही पाहिलेला व्हिडिओ बहुतेक त्याच्यावरूनच बनवलेला असणार. कल्पना म्हणून ती चांगली आहे आणि कधी कधी तसा पेशंट दिसतोही, पण नुसता उभ्यानं बाक बघून कुणाचा ग्लूट किती ताकदीचा आहे ते सांगता येत नाही, हे मी खात्रीनं सांगते. आणि एक गोष्ट बघा, पेल्व्हिस पुढं झुकली की मागचा भाग उलट जास्त उठून दिसतो आणि ती आत वळवून उभं राहिलं की आहे तोही सपाट दिसतो. तुम्ही लिहिलंय की बाक घालवायला आजकाल कंबर आत घेऊन उभे राहता. मग सपाट दिसण्यात थोडा हात त्याचाच असेल. ते बंद करा. कुल्ले आवळून दिवस काढायचीही गरज नाही, त्यानं कंबर आणि खुबा विनाकारण कडक होतो.

मग पोश्चरचा काहीच संबंध नाही का? आहे, पण तो तुम्ही कुठल्या सवयीनं रोज राहता त्यातून येतो आणि व्यायाम करताना दिसतो. तीन सवयी मी खूप बघते.

पहिली, पोट आणि जांघ पुढं ढकलून मागं रेलून उभं राहायचं. पोवई नाक्यावर एसटीची वाट बघणारी माणसं बघा, निम्मी तशीच उभी असतात. यात खुबा पुढच्या जाड लिगामेंटवर, म्हणजे हाडं जोडणाऱ्या पट्ट्यावर, टांगला जातो आणि ग्लूटला धरून ठेवायचं काही कारणच उरत नाही. दुसरी, सगळा भार एका पायावर टाकून कंबर एका बाजूला सोडून उभं राहणं, कडेवर मूल घेणाऱ्या बायकांत हे फार असतं. त्यात कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू, ग्लूटियस मीडियस, काम सोडतो आणि त्याचा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, बाहेरच्या हाडावर दाबला जातो. पस्तिशी-चाळिशीनंतर ज्या बायका सांगतात की रात्री कुशीवर झोपलं की खुब्याच्या बाहेर ठणकतं, त्यांना ही सवय सोडायला लावणं हा उपचाराचा मोठा भाग असतो. तुमचं बघायचं असेल तर आरशासमोर एका पायावर अर्धा मिनिट उभे राहा, उचललेल्या पायाकडची कंबर खाली पडत असेल तर त्या टेकलेल्या पायाचा मीडियस कमी पडतोय.

तिसरी सवय म्हणजे बसणं, आणि तुमच्या बाबतीत मला हीच जास्त महत्त्वाची वाटते. बसण्यानं ग्लूट मरत नाही, पण खुबा दिवसभर दुमडलेला राहिला, वरून स्कूटरवर पण तसाच, संध्याकाळी सोफ्यावर पण तसाच, तर जांघेतल्या पुढच्या स्नायूंना पूर्ण लांब व्हायची वेळच येत नाही. मग मांडी मागं न्यायची म्हटली की खुबा मध्येच अडतो आणि शरीर उरलेली हालचाल कमरेतून उधार घेतं. तुम्हाला वाटतं आपण ग्लूटचा व्यायाम करतोय, प्रत्यक्षात शेवटचा टप्पा कंबर मारून नेते आणि दुसऱ्या दिवशी दुखते ती पण कंबरच. हे घरी तपासता येतं. पलंगाच्या अगदी कडेवर बसा, पाठीवर पडा, दोन्ही गुडघे छातीशी घ्या, एक हातानं घट्ट धरून ठेवा आणि दुसरा पाय सैल सोडून द्या. सोडलेली मांडी पलंगाच्या पातळीला आली तर काही काळजी नाही, ती वरच राहिली तर पुढची बाजू आखडलीय, आणि मांडी खाली आली पण गुडघा आपोआप सरळ व्हायला लागला तर मांडीच्या पुढचा स्नायू आखडलाय. तसं असेल तर एक गुडघा जमिनीवर टेकवा, दुसरा पाय पुढं घ्या, टेकलेल्या बाजूचा कुल्ला आवळा आणि कमरेत बाक न देता थोडं पुढं सरका, अर्धा मिनिट थांबा, दोन-तीन वेळा करा. आणि अर्ध्या-पाऊण तासानं खुर्चीतून उठत जा, पाणी आणायला का होईना. मागच्या खिशातलं जाड पाकीट पण काढा, त्यानं एक बाजू वर होते आणि कुल्ल्यातून जाणाऱ्या सायटिकाच्या नसेवर दाब येतो.

आता तुमचा खरा प्रश्न, स्क्वॉटनं मांड्याच का भरल्या. इथं पोश्चरपेक्षा खोलीचा संबंध जास्त आहे. २०१९ सालच्या एका अभ्यासात १० आठवडे काही जणांनी पूर्ण खाली जाऊन स्क्वॉट केले आणि काहींनी अर्धे. मांडीचे पुढचे स्नायू दोन्हीकडं जवळपास सारखेच वाढले, ग्लूट्स मात्र पूर्ण खाली जाणाऱ्यांचे बरेच जास्त वाढले. तुम्ही जड वजन लावून अर्ध्यातूनच वर येत असणार असा माझा अंदाज आहे, जिममध्ये नव्वद टक्के पोरं तेच करतात. आपल्या तालमीतली बैठक पण आठवून बघा, टाच उचललेली, भार चवड्यावर, गुडघा पुढं, लई वेगात. ती मांडीसाठी आणि दमासाठी जबरदस्त आहे, पण त्यात खुब्यापेक्षा गुडघा जास्त काम करतो. पैलवानाची मागची बाजू भरते ती आखाड्याची माती फावड्यानं उकरून आणि जोडीदाराला कमरेतून उचलून. ज्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या मातीतून खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ घेऊन आले, त्या मातीवरची मेहनत नुसत्या बैठकांची कधीच नव्हती.

म्हणून वजन कमी करा, टाच जमिनीला चिकटलेली ठेवा, खुबा मागं नेत मांडी जमिनीच्या समांतर रेषेच्या खाली जाईल इतकं बसा. घोटा कडक असेल आणि टाच उचलत असेल तर टाचेखाली पातळ फळी ठेवा, त्यात काही कमीपणा नाही. त्याच्यासोबत हिप थ्रस्ट घ्या, म्हणजे पाठ बेंचला टेकवून मांड्यांच्या मुळाशी बार ठेवून कंबर वर उचलायची. वर गेल्यावर बरगड्या खाली ठेवा, हनुवटी थोडी आत, कमरेतून वाकून अजून वर जायचा मोह टाळा, कुल्ला आवळला की तिथंच थांबा. २०२३ मध्ये नवख्या लोकांवर ९ आठवड्यांचा अभ्यास झाला, एका गटाला फक्त स्क्वॉट आणि दुसऱ्याला फक्त हिप थ्रस्ट, तर ग्लूट्स दोघांचे जवळपास सारखे वाढले आणि मांड्या स्क्वॉटवाल्यांच्या जास्त. तुमच्या मांड्या ऑलरेडी भरल्यात, त्यामुळं तुम्हाला थ्रस्टचा फायदा उघड आहे. तिसरा रोमानियन डेडलिफ्ट, पाठ सरळ, गुडघे किंचित वाकलेले, खुबा मागं मागं नेत वजन नडगीच्या मध्यापर्यंत. आठवड्यातून दोन-तीन दिवस, आठवड्याचे मिळून दहा-बारा सेट, आणि प्रत्येक सेट असा की शेवटी अजून एक-दोनच निघाले असते. वजन वहीत लिहून ठेवा, महिनाभर तोच आकडा दिसत असेल तर स्नायूला वाढायचं काही कारण नाही.

आणि तुम्ही साताऱ्यात राहता हे विसरू नका! सपाट भागातल्या माणसाला चढ मिळवायला ट्रेडमिल तिरका करावा लागतो, आपल्याकडं दाराबाहेर पडलं की अजिंक्यतारा आहे. पायथ्यापासून साधारण ३०० मीटरची चढाई, ज्यांना जमत नाही त्यांनी वाटेवरच्या चार भिंती स्मारकापर्यंत जावं. चढताना पूर्ण पाऊल टेकवा, धड कमरेतून न वाकवता खुब्यातून थोडं पुढं झुकवा, हात गुडघ्यावर टेकवू नका, आणि पायऱ्या असतील तिथं जमेल तसं दोन-दोन चढा, म्हणजे खुबा जास्त वाकतो आणि ग्लूटला जास्त उचलावं लागतं. यवतेश्वर घाटात हिल मॅरेथॉनची तयारी करणारी मंडळी पहाटे दिसतात ना, त्यातले जे जुने आहेत त्यांची चढावरची चाल बघा, गुडघ्यावर भार न टाकता कुल्ल्यानं रस्ता मागं ढकलत जातात. पण सवय झाली की नुसत्या चढानं आकार वाढायचा थांबतो, दम वाढत राहतो, म्हणून जिम सोडून फक्त गड असं करू नका. उतरताना बहुतेक काम मांडीच्या पुढच्या बाजूचं असतं, तिथं घाई करून गुडघे दुखवून घेऊ नका.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाहीये तरी सांगते, वजनाच्या प्रत्येक किलोमागं साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन धरा, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ११० ग्रॅमच्या आसपास. अंडी, दूध, पनीर, मटकी, आणि आपल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, कोरड्या १०० ग्रॅममध्ये वीस-बावीस ग्रॅम प्रोटीन असतं त्यात, भाकरीबरोबर पोटभर खा. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

एक गोष्ट मनापासून सांगते. दोन्ही बाजू सपाट असणं वेगळं आणि एकच बाजू बारीक होत जाणं वेगळं. एका कुल्ल्याचं मांस कमी झाल्यासारखं वाटत असेल, पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल, चालताना एका बाजूला झुकायला होत असेल, तर कमरेच्या मणक्यातून येणाऱ्या नसेवर दाब असू शकतो, तिथं व्यायाम वाढवत बसायचं नाही, आधी दाखवायचं. आणि लघवी-संडासवर ताबा राहत नसेल किंवा बसायच्या जागेत बधिरपणा आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

फरक किती दिवसांत दिसेल असं विचारलंय तुम्ही. ताकद तीन-चार आठवड्यांत वाढलेली कळेल, डोळ्याला दिसेल असा आकार यायला आठ ते बारा आठवडे धरा, आणि झोप नीट नसेल तर जास्त. टेपनं कुल्ल्याच्या सगळ्यात रुंद जागेवर माप घ्या, महिन्यातून एकदाच, सकाळी. फोटो काढणार असाल तर बाजूनं काढा आणि दर वेळेस सारखेच सैल उभे राहा, कारण पेल्व्हिस जरा पुढं-मागं झाली तरी फोटोत महिन्याभराचा फरक वाटतो.