पोटमाळ्यावर प्लाय टाकताना

प्रश्न : उतरत्या छपराखालच्या पोटमाळ्यावर सामानासाठी 12 बाय 8 फुटांची जमीन करायची आहे. तुळया 2 बाय 4 इंची, 16 इंचांवर, 8 फुटांच्या बाजूला समांतर. खालून त्यांनाच जिप्समचं सीलिंग मारलंय. 25 एमएम प्लाय टाकला तर माळा भक्कम होईल ना?

उत्तर : नाही. वजन पेलतात तुळया. प्लाय फक्त ते त्यांच्यापर्यंत पोचवतो. 25 एमएमच्या 3 शीट सव्वाशे किलोच्या वर भरतात, आणि तेवढं सामान कमी ठेवावं लागतं. तुमच्या अंतराला 12 एमएम पुरे. पुस्तकांची खोकी मात्र नकोत. तुळई मधल्या आधाराशिवाय 8 फुटांहून लांब असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

8 बाय 4 ची शीट माळ्याच्या झडपेतून जात नाही, म्हणून 4 बाय 2 चे तुकडे करा. इथेच घोळ होतो. 8 फुटांची लांबी 2-2 फुटांवर कापली तरी तुकडे चारच निघतात, पण शीटच्या लांबीने धावणाऱ्या लाकडाच्या रेषा तुकड्यात आखूड बाजूने येतात आणि प्लाय तुळयांमध्ये झोल खातो. रेषा 4 फुटांच्या बाजूने हव्यात, म्हणून शीट दोन्हीकडून मधोमध कापा आणि तुकडे तुळयांना आडवे टाका.

पहिल्या ओळीत 3 अख्खे तुकडे. दुसरीत एक तुकडा 32 आणि 16 इंचांत कापून दोन टोकांना, मध्ये दोन अख्खे. असं आलटून पालटून चार ओळी. प्रत्येक सांधा तुळईवरच येतो, आणि करवतीत गेलेले 2-3 एमएम प्लाय फुगायला सोडायची फट म्हणून उपयोगी पडतात.

खिळे नकोत, हातोड्याच्या धक्क्याने खालच्या जिप्समला तडे जातात. आधी भोक पाडून 35 एमएमचे स्क्रू, प्रत्येक तुळईवर 8 इंचांनी. सुमारे 200 लागतात. तुळयांमधून वायर गेली असेल तिथे खूण करून ठेवा. काम करताना पाय तुळईवरच.

प्रश्न : तुळयांमध्ये 6 इंचांचं उष्णतारोधक लोकरीचं अस्तर आहे. दाबून वर प्लाय मारला तर?

उत्तर : दाबलं की त्यातली हवा जाते आणि उपयोगही. तुळयांवर आडव्या, 4 इंच उंचीच्या लाकडी पट्ट्या 16 इंचांवर मारा. अस्तरावर 2 इंच मोकळे राहतात. प्लायची दिशा मग 90 अंशांनी फिरवा. छपराच्या कडेची हवेची फट बुजवू नका, नाहीतर थंडीत पाणी धरून प्लाय खालून काळा पडतो.