रत्नागिरीच्या किनाऱ्यावर नाणी-अंगठ्या शोधायला पहिला मेटल डिटेक्टर कोणता घ्यावा?

किनाऱ्यावरच फिरायचं असेल तर मल्टी-फ्रिक्वेन्सी, म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं यंत्र घ्या. मिनलॅब व्हँक्विश ३४० सारखं साधं मॉडेल पुरे. एकाच फ्रिक्वेन्सीची स्वस्त यंत्रं ओल्या खाऱ्या वाळूत उगाच कोकलत राहतात, आणि त्यात तिथली काळी वाळू इल्मेनाइटची, म्हणजे लोह असलेल्या खनिजाची. कोरड्या वाळूत चालतात तीही. ‘दहा फूट खोलवरचं सोनं दाखवतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला लांबूनच नमस्कार! नाणं वीतभर खोल सापडलं तरी खूप झालं. पैसे उरले तर पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर घ्या, उकरणं वाचतं.

किल्ल्यांवर मात्र नेऊ नका, संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे. जमिनीत दडवलेलं १० रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हो, दहाच रुपये.