पिवळा बेडूक आणि ‘वर्णहीन’ हा शब्द

गुहागरहून एका वाचकांनी विचारलंय: “मिरगाच्या पहिल्या मोठ्या पावसात आमच्या कुणग्यात (भातखाचरात) लिंबासारखे पिवळे बेडूक दिसले. यांना वर्णहीन म्हणायचं, की कोड आलेले?”

दोन्ही नको. ते आपले नेहमीचेच मोठे बेडूक, एरवी शेवाळी-तपकिरी. विणीच्या दिवसांत नर पिवळाधमक होतो आणि ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात. वेंगुर्ल्याला बांधावर उकिडवा बसून मी हे पाहिलंय: गढूळ पाण्यात चिखलाच्याच रंगाची एक मादी आणि तिच्याभोवती पाच-सहा हळदीचे गोळे. वीण आटोपली की हा रंग उतरतो. त्याला ‘विणीचा रंग’ म्हणावं, पुरे आहे.

कोड हा माणसाच्या त्वचेचा विकार. त्यात असलेला रंग पुढे डागाडागांनी जातो. शिवाय कोड आणि कोढ (म्हणजे कुष्ठरोग) यांची गल्लत करून लोकांनी माणसांना फार दुखावलंय. तो शब्द बेडकाला चिकटवू नये.

आता खरा अल्बिनो बेडूक, ज्याला ‘वर्णहीन’ म्हणतात तो. त्याच्या अंगात काळं रंजक (रंगद्रव्य), म्हणजे मेलॅनिन, जन्मतःच तयार होत नाही. पण बेडकाच्या कातडीत पिवळ्या रंगाच्या पेशी वेगळ्या असतात आणि चकाकी देणाऱ्या वेगळ्या. काळा गेला तरी पिवळा उरतो. म्हणून अल्बिनो बेडूक पुष्कळदा पांढराफटक नसतो, पिवळसरच असतो. तुमचा प्रश्न म्हणूनच मला फार आवडला. ओळख डोळ्यांवरून पटते: अल्बिनोचे डोळे लालसर-गुलाबी, विणीतल्या नराचे नेहमीसारखे गडद.

म्हणजे ‘धवल’ इथे चुकतो, ‘वर्णहीन’ही चुकतो, वर्ण तर समोर दिसतोय, आणि ‘वर्ण’ला ‘हीन’ जोडलं की मराठी कानाला भलतंच काही ऐकू येतं. ‘विवर्ण’ सुंदर शब्द आहे, पण तो भीतीने किंवा दुःखाने उतरलेल्या चेहऱ्याचा. नाट्यशास्त्रातल्या आठ सात्त्विक भावांतला वैवर्ण्य तो हाच. लिहिताना मी ‘कृष्णरंजकहीन’ वापरतो. तोंडात बसत नाही, पण नेमका आहे. बोलताना मात्र सरळ ‘अल्बिनो’ म्हणावं. मूळ पोर्तुगीज-स्पॅनिशच, ‘अल्बो’ म्हणजे पांढरा. बटाटा, चावी, पगार पचवलेल्या मराठीला तो जड जाऊ नये.

याच्या उलटही घडतं. हिरव्या बेडकाचा हिरवा म्हणजे खालून परतणारा निळा प्रकाश आणि वरचा पिवळा थर. पिवळा थर नसला तर बेडूक चक्क निळा दिसतो. त्याच्या शास्त्रातल्या ‘अ‍ॅक्झँथिक’ या नावात ग्रीक ‘झँथोस’, म्हणजे पिवळा, नाकारलेला असतो. आंबोलीच्या पिवळ्या ठिपक्यांच्या भेकाला ‘झँथोफ्रिने’ हे नाव मिळालं तेही त्याच शब्दावरून. निळ्या बेडकाला ‘निळा पडलेला’ म्हणाल तर लोकांना वाटेल विष चढलं. मी ‘अपीत’ सुचवतो: ज्यातला पीत गेला तो.